डॉ. द्वारकानाथ कोटणीस : सोलापूरचा शल्यवैद्य, चीनचा आप्त

परदेशातील संकटग्रस्तांसाठी धावून जाणे ही थोर गोष्ट आहे. परंतु तेथेच राहून, त्यांची भाषा आत्मसात करून, त्यांच्यातूनच नवे सेवक घडवणे ही त्याहून कठीण साधना होय. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांनी अवघ्या बत्तीस वर्षांच्या आयुष्यात ती साधली.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढील शिक्षणाची तयारी करीत होते. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली आणि काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या भारताने लोकवर्गणीतून पाच डॉक्टरांचे पथक उभारले. अलाहाबादचे डॉ. अटल हे त्याचे प्रमुख होते; कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, मुंबईहून कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे अन्य सदस्य. त्या काळी रायपूर ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होते, त्याची राजधानी नागपूरच. या कार्यात आपल्या प्रांताचाही असा वाटा होता.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून बोटीने निघाले. चीनमध्ये चुंगकिंग येथे असताना कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली. घरी आई आणि भावंडे होती. परत जाण्यास कोणीही दोष दिला नसता. तरीही हाती घेतलेले कार्य अर्ध्यावर सोडणे त्यांना मान्य नव्हते. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. पुढे तिघे सहकारी यथावकाश मायदेशी परतले. कोटणीस आणि बसू मात्र उत्तर चीनच्या डोंगराळ रणक्षेत्राकडे वळले.

तेथे औषधांची सदैव टंचाई, साधने अपुरी आणि शत्रू जवळ आला की रुग्णांसह स्थलांतर. १९४० च्या लढायांत त्यांनी शेकडो जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. त्यासाठी रात्रीमागून रात्री जागून काढल्या. कॅनडाचे शल्यवैद्य डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तदोषाने निधन झाले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ च्या जानेवारीत कोटणीसांकडे आले.

रुग्णालयाइतकेच त्यांचे लक्ष अध्यापनाकडे होते. एक डॉक्टर किती जखमा शिवणार? म्हणून ते चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत तरुणांना शल्यशास्त्र शिकवू लागले आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकाचे लेखनही त्यांनी हाती घेतले. तेथील लोक त्यांना ‘के तिहुआ’ म्हणत. १९४१ मध्ये परिचर्याशास्त्राच्या शिक्षिका कुओ छिंगलान यांच्याशी ते विवाहबद्ध झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये जन्मलेल्या पुत्राचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले. त्यात ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन.

अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली होती. अपस्माराचे झटके येत असूनही त्यांनी काम थांबवले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. तेव्हा बाळ चार महिन्यांचेही नव्हते.

व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांची कथा भारतभर पोहोचवली. चीनमधील शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, तर सोलापुरातील त्यांचे घर आज स्मारक झाले आहे.

छत्तीसगडच्या भूमीवर मायमराठी जपत वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज दूरदेशी आहेत. जेथे राहावे तेथील भाषा शिकावी, तेथील माणसांच्या उपयोगी पडावे आणि आपल्यामागे काम चालवणारे हात तयार करावेत, हा डॉ. कोटणीसांच्या जीवनाचा बोध त्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्याही वाटेवर दीपस्तंभ ठरो.