१९५६ साल आणि गाडगेबाबा

उपासक-उपासिकांनो, दीक्षा घेतलेल्या घरांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. देव्हारा काढला, तसबिरी उतरवल्या, तथागत आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा लावली. मग भिंतीवरच्या गाडगेबाबांचे काय करायचे? ते तर गोपाळाचा गजर करीत होते! प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्यांचे चरित्रच समोर ठेवावे हे बरे.

१९५६ साल वऱ्हाडच्या माणसाला विसरता येणार नाही. ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि मुंबईत मराठी माणसांचे रक्त सांडले. आपल्या जिल्ह्याचे डॉ. पंजाबराव देशमुख तेव्हा दिल्लीत शेतीखात्याचे मंत्री होते. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. पुढे अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, नागपूर आणि आपले वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज अजून दुःखातून सावरलाही नव्हता तोच, चौदा दिवसांनी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी प्राण सोडला. ती २० डिसेंबरची गोष्ट. वय ऐंशी वर्षांचे. या दोन मृत्यूंच्या मधल्या चौदा दिवसांवर पुढे पुष्कळ कथा रचल्या गेल्या. त्या कथांची आपल्याला गरज नाही, खरा इतिहासच पुरेसा आहे.

देबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. जात परीट, म्हणजे गावाचे कपडे धुणारी. बाप दारूने गेला तेव्हा देबू लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली. शाळा नाही, पाटी नाही. गुरे राखणे आणि मामाच्या शेतात राबणे हीच त्याची विद्या. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. कागदावर काय लिहिले आहे हे घरात कोणालाच वाचता येत नव्हते, नुसता अंगठा उठत होता. ज्या माणसाने जन्मभर लोकांना भांडी विका पण पोरांना शिकवा असा उपदेश केला, त्याला हे कोणत्या पुस्तकात सापडले नव्हते. तो धडा त्याला दापुऱ्याच्या शेतात मिळाला होता.

लग्न झाले, कुंताबाई घरात आली. पहिल्या मुलीचे बारसे आले. जातीचा रिवाज असा की बारशाला बकरे कापायचे, दारू पाजायची, आणि त्यासाठी कर्ज काढायचे. देबूने जातभाईंच्या पंगतीला गोडाचे जेवण वाढले. दारूचा थेंब नाही, मटणाचा तुकडा नाही. त्या काळी जातपंचायतीपुढे असे वागणे किती अवघड होते याची कल्पना आज येणार नाही. पण थोडी येईलही, कारण आजही आपल्यापैकी कित्येक घरी लग्नाला मंडप दुप्पट मोठा करून वर्षभर व्याज भरले जाते आणि बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्याच्याच वरातीत बाटली फिरते. देबूने प्रतिज्ञा म्हटली नव्हती. त्याने पंगत वाढून दाखवली, तीही नागपूरच्या दीक्षेच्या अर्धशतकाहून अधिक आधी.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, डोक्यावर मातीचे गाडगे, हातात खराटा. पूर्णेकाठी ऋणमोचनची जत्रा भरे, तिथे त्यांनी घाण काढली, वाट बांधली. गाव दिसले की आधी झाडायचे, मग भाकर मागायची, रात्री कीर्तन करायचे. हे कीर्तन पोथीतले नसे. ते समोरच्या माणसाला प्रश्न विचारीत, आणि उत्तर देता देता तो माणूस स्वतःच कबूल करी की नवसाने पोर होत नाही, बकरे कापून देव पावत नाही, शिवल्याने कोणी बाटत नाही. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता एक मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली. त्यांनी कीर्तन पुरे केले.

पंढरपूरला ते वारीच्या वेळी जात, पण देवळात पाय ठेवीत नसत. वाळवंट झाडीत. तिथे सगळ्या जातींच्या धर्मशाळा होत्या, महारांना मात्र उघड्यावर पडावे लागे. बाबांनी लोकांकडून पैसा उभा करून चोखामेळा धर्मशाळा बांधली. हीच इमारत १९४९ साली त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. पंढरपुरात आपल्या नावाची पाटी लावून घेणारे शेटसावकार थोडे नव्हते. या परिटाने बांधलेली वास्तू दलितांच्या शिक्षणासाठी दिली आणि स्वतः पुन्हा खराटा घेऊन बाहेर पडला. मुंबईत जे. जे. इस्पितळाजवळही त्यांनी धर्मशाळा उभी केली. खेड्यातून रोग्याला घेऊन गेलेल्या माणसाला मुंबईत रात्री पाठ टेकायला जागा नसते, हे गरिबालाच सुचते.

तेव्हा मूळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचे तर असे. गाडगेबाबांनी धम्मदीक्षा घेतली नव्हती. त्यांना ओढून-ताणून बौद्ध ठरवणे हा त्यांच्यावर आणि सत्यावर अन्याय होईल. त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत गोपाळाचा गजर होता, तो लपवण्याचे कारण नाही. पण म्हणून त्यांना भिंतीवरून उतरवण्याचेही कारण नाही. तसबिरीपुढे नारळ फुटू लागला, अंगारा लागू लागला, तर मात्र अवश्य उतरवा. मूर्तिपूजेचा त्यांना स्वतःलाच तिटकारा होता. मुलांनी अभ्यासाला बसताना समोर दिसावा असा हा चेहरा आहे, तेवढ्यासाठी तो असू द्यावा.

आपल्या चांदूर बाजार तालुक्यात नागरवाडीला त्यांचा आश्रम आहे. अमरावतीला गाडगेनगरात समाधी आहे आणि अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले आहे. अंगठा उठवणाऱ्या घरातल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाचे नाव आज आपल्या मुलामुलींच्या पदवीच्या कागदावर छापलेले असते.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले असून आजही ऐकायला मिळते. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर ते मुलांना ऐकवावे. बोली आपलीच वऱ्हाडी आहे, म्हाताऱ्यांना अर्थ सांगावा लागणार नाही.