गॅस्टन प्लाँटे आणि उपाशी बॅटरी

पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी बनवणारे गॅस्टन प्लाँटे यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील ऑर्तेझ या गावी झाला. १८५४मध्ये ते पॅरिसच्या कला व तंत्र संग्रहालय-विद्यालयात भौतिकशास्त्राचे साहाय्यक झाले. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळ त्यांना एका प्रचंड, न उडणाऱ्या पक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्या पक्ष्याला त्यांच्यावरूनच ‘गॅस्टॉर्निस’ हे नाव मिळाले. मात्र त्यांचे खरे काम विजेचे होते.

निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या आम्लात बुडवून वीज सोडली, की प्रवाह बंद केल्यावर त्या थोडी वीज परत देतात. यात शिसे सर्वांत सरस, हे प्लाँटे यांनी हेरले. १८५९मध्ये त्यांनी शिशाचे दोन पत्रे मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवून गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. १८६०मध्ये अशा नऊ घटांची बॅटरी त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली.

अडचण होती ती बॅटरी चार्ज करण्याची. कामाचा डायनॅमो अजून आला नव्हता. जस्त आणि आम्ल खाऊन संपणाऱ्या बुन्सेन घटांच्या तुटपुंज्या विजेवर प्लाँटे आपली बॅटरी भरत. शिवाय नव्या पत्र्यांत फारशी वीज मावत नसे. म्हणून ते ती भरत, रिकामी करत, प्रवाहाची दिशा उलटवत, मध्ये विश्रांती देत. असे महिनोन्‌महिने केल्यावर पत्र्यांची धारणशक्ती वाढे.

वीजवाहिनी आणि जनरेटर दोन्ही नसलेल्या सौरघराची स्थिती आज तशीच असते: वीज मोजकी आणि बेभरवशाची. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही पाट्यांवर शिशाचे सल्फेट जमते. पुरेसे चार्जिंग झाले की ते विरघळते. पण आठवडेच्या आठवडे बॅटरी अर्धीमुर्धी राहिली, तर त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात, मग ते निघत नाहीत आणि तेवढी क्षमता कायमची जाते. बॅटरी फार वापरल्याने जितकी खराब होते, तितकीच ती उपाशी ठेवल्यानेही होते.

यावर उपाय साधे आहेत. पावसाळी, ढगाळ दिवसांत बॅटरीकडे न पाहता वापराकडे पाहावे: पंखा, फ्रिज, पंप आवरावेत आणि बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नये. काही तास विश्रांती घेतलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. ऊन पडताच पहिला हक्क बॅटरीचा. सकाळीच जड उपकरणे लावली, तर ती पुन्हा अर्धपोटीच राहते. पॅनेलवरची धूळ पुसावी. पॅनेल जरा जास्त बसवणे हा बॅटरीसंच वाढवण्यापेक्षा सहसा चांगला उपाय ठरतो, कारण मोठा संच भरायला वीजही जास्त लागते. पाणी घालायच्या बॅटरीत पूर्ण चार्जनंतर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून खोली हवेशीर असावी आणि जवळ ठिणगी किंवा ज्योत नको. हे नियम शिसे-आम्ल बॅटरीचे आहेत. लिथियम बॅटरी सतत काठोकाठ भरलेली ठेवण्याची गरज नसते.

१८८१मध्ये कामिल फोर यांनी पाट्यांना शिशाच्या संयुगाचा लेप देऊन प्लाँटे यांची महिन्यांची खटपट वाचवली आणि बॅटरीचे कारखाने उभे राहिले. प्लाँटे तोवर उच्च दाबाच्या विजेचे प्रयोग करत होते. २१ मे १८८९ रोजी पॅरिसजवळच त्यांचे निधन झाले. आपल्या इन्व्हर्टरखालच्या जड पेटीत आजही त्यांचेच शिसे आणि गंधकाम्ल असते.