जेम्स डूलिटल : गणवेशाबाहेरची दहा वर्षे

दुसऱ्या महायुद्धात जपानच्या राजधानीवर पहिला हवाई हल्ला करणारा सेनानी, ही जेम्स डूलिटल यांची सर्वपरिचित ओळख. मात्र त्या पराक्रमापूर्वी बारा वर्षे त्यांनी लष्करी नोकरीचा राजीनामा दिला होता, हे फारसे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

१४ डिसेंबर १८९६ रोजी कॅलिफोर्नियातील अलामेडा येथे जन्मलेल्या डूलिटल यांचे बालपण अलास्कातील नोम या गावी गेले. १९१७ मध्ये ते सैन्यात दाखल झाले. परंतु पहिल्या महायुद्धात आघाडीऐवजी नवख्यांना विमानोड्डाण शिकविण्याचे कामच त्यांच्या वाट्याला आले. १९२२ मध्ये त्यांनी फ्लोरिडाहून सॅन दिएगोपर्यंतचे अंतर २४ तासांच्या आत कापले. १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रसंस्थेची वैमानिकशास्त्रातील डॉक्टरेट संपादन केली आणि त्याच वर्षी सागरी विमानांच्या शर्यतीतील श्नायडर करंडकही जिंकला. २४ सप्टेंबर १९२९ रोजी त्यांनी झाकलेल्या कक्षात बसून, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडविले आणि सुखरूप उतरविलेही. आजची धुक्यातील विमानवाहतूक या प्रयोगाची ऋणी आहे.

एवढे कर्तृत्व गाजवूनही त्यांचा हुद्दा फर्स्ट लेफ्टनंटच्या पुढे सरकला नव्हता. शांतताकाळातील लष्करात बढत्या मंदगतीने होत. पत्नी जोसेफिन, दोन मुले आणि कुटुंबातील आजारपणे यांचा भार तुटपुंज्या वेतनावर पेलत नव्हता. अशा वेळी शेल कंपनीने सुमारे तिप्पट वेतन देऊ केले. एका पारड्यात प्रिय सेवा आणि निवृत्तिवेतनाची शाश्वती, तर दुसऱ्यात संसाराचे स्वास्थ्य. शिवाय शेअर बाजार नुकताच कोसळलेला. १९३० च्या प्रारंभी डूलिटल यांनी राजीनामा दिला. मात्र राखीव दलात मेजर म्हणून नाव ठेवून त्यांनी परतीची वाट मोकळी राखली.

शेलमध्ये त्यांच्याकडे विमान-इंधनाचा विभाग आला. प्रारंभी शर्यती व प्रात्यक्षिके हा त्या कामाचाच भाग होता. १९३२ मध्ये थॉम्पसन करंडक जिंकल्यानंतर त्यांनी शर्यतींना रामराम ठोकला. खरी कामगिरी वेगळीच होती. १०० ऑक्टेनचे इंधन अधिक दाब सोसते व इंजिनातून अधिक शक्ती काढता येते, हे ते जाणून होते. त्या काळी अशा महागड्या इंधनाला गिऱ्हाईकच नव्हते. तरीही त्यांनी कंपनीला त्यात भांडवल गुंतविण्यास राजी केले आणि लष्कराकडेही त्याचा पाठपुरावा केला. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात लढणाऱ्या स्पिटफायर व हरिकेन विमानांनी १०० ऑक्टेनचेच इंधन वापरले.

त्याच वर्षी जुलैमध्ये डूलिटल पुन्हा गणवेशात आले. १८ एप्रिल १९४२ रोजी हॉर्नेट या विमानवाहू नौकेवरून १६ बॉम्बफेकी विमाने आणि ८० सैनिक घेऊन ते जपानवर चालून गेले. सोळाही विमाने गमवावी लागली. आपल्यावर लष्करी खटला चालेल, अशी त्यांना धास्ती होती. प्रत्यक्षात मेडल ऑफ ऑनर आणि ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा मिळाला. १९४६ मध्ये ते पुनश्च शेलमध्ये, या वेळी उपाध्यक्ष म्हणून, रुजू झाले.

२७ सप्टेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. संसारासाठी त्यांनी लष्कर सोडले. पण बाहेर राहून केलेले कामही अखेर लष्कराच्याच उपयोगी पडले. गणवेश उतरविला म्हणजे सेवा संपली असे नव्हे, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले.