विश्लेषण : कायद्याने माफ केलेले कर्ज हाइन्झ यांनी का फेडले?

दिवाळखोरी जाहीर करणे पाप आहे का, हा ख्रिस्ती समाजातला जुना प्रश्न. केचपच्या बाटलीवर ज्यांचे नाव आजही दिसते, त्या हेन्री जॉन हाइन्झ यांच्यासमोर तो १८७५ मध्ये उभा राहिला.

दिवाळे कसे निघाले?

हाइन्झ यांचा जन्म १८४४ मध्ये पिट्सबर्गजवळ, जर्मनीहून आलेल्या कुटुंबात झाला. ल्यूथरन पंथाच्या आईचे संस्कार कडक होते. परसातली भाजी विकणाऱ्या या मुलाने १८६९ मध्ये भागीदारीत हॉर्सरॅडिश (झणझणीत चवीचे एक मूळ) किसून बाटलीत विकायला सुरुवात केली. भेसळ नाही हे गिऱ्हाइकाला दिसावे म्हणून बाटली पारदर्शक काचेची. १८७३ ची मंदी आली तरी कंपनी हातपाय पसरतच राहिली आणि तिथेच घात झाला. इलिनॉयमधील शेतकऱ्यांची काकडी बुशेलमागे ६० सेंट या ठरलेल्या दराने घेण्याचा करार होता. १८७५ मध्ये पीक अमाप आले. करारामुळे माल नाकारता येईना आणि पैसा उभा राहीना. डिसेंबरमध्ये दिवाळे निघाले. फसवणुकीच्या आरोपावरून हाइन्झ यांना अटकही झाली, पण आरोप टिकले नाहीत.

बायबल काय सांगते?

दोन्ही बाजूंनी सांगते. कर्ज घेऊन न फेडणाऱ्याला स्तोत्रसंहितेतील ३७ वे स्तोत्र दुर्जनांत बसवते. अनुवादाच्या पुस्तकात मात्र दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याची आज्ञा आहे. पण ती आज्ञा धनकोला आहे. माफ करणे हे ज्याचे पैसे बुडाले त्याचे काम; ऋणकोने स्वतःलाच माफी देण्याची सोय त्यात नाही. अनेक ख्रिस्ती विचारवंत म्हणूनच फरक करतात : ऐपत नसताना कायद्याचा आसरा घेणे पाप नाही, ऐपत आल्यावर विसरणे गैर.

मग हाइन्झ यांनी काय केले?

कायद्याचा आसरा घेतला. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार मालमत्ता धनकोंत वाटून उरलेल्या कर्जातून सुटका मिळू शकत होती. तरीही त्यांनी एक वही घातली. तिच्यावर नैतिक देणी अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे होती, आत धनकोंची नावे आणि भागीदार म्हणून आपल्या वाट्याला येणाऱ्या रकमा.

दिवाळखोराला स्वतःच्या नावाने धंदा काढणे अवघड होते. त्यामुळे १८७६ मध्ये नवी कंपनी भाऊ जॉन आणि चुलतभाऊ फ्रेडरिक यांच्या नावाने निघाली. कारभार हेन्री यांचा. नाव एकाचे, धंदा दुसऱ्याचा ही युक्ती आपल्याकडेही ओळखीची आहे, बहुधा देणी चुकवण्यासाठी. इथे तिच्या कमाईतून देणी फिटली. त्याच वर्षी केचप बाजारात आले. पुढच्या काही वर्षांत वहीतील रकमा एकेक करून चुकत्या झाल्या. १८८८ मध्ये कंपनीवर हेन्री यांचे स्वतःचे नाव लागले. १९१९ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्राची सुरुवात मालमत्तेने नव्हे, ख्रिस्तावरील श्रद्धेच्या कबुलीने झालेली होती.