‘हिंदुस्थानचे सभासद’ हेन्री फॉसेट

इंग्लंडातील सॉल्झबरी येथे एका कापड दुकानदाराच्या घरी १८३३ साली हेन्री फॉसेट यांचा जन्म झाला. केंब्रिजला गणितात चमकल्यावर त्यांनी वकिलीचा अभ्यास आरंभिला. १८५८ मध्ये शिकारीत वडिलांच्याच बंदुकीचे छर्रे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत शिरले. पंचविसाव्या वर्षी दृष्टी कायमची गेली. पालकहो, त्या बापाला काय वाटले असेल! मुलगा मात्र कुढत बसला नाही. इतरांकडून पुस्तके वाचून घेऊन १८६३ साली तो केंब्रिजलाच अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १८६५ मध्ये ब्रायटनहून पार्लमेंटात गेला.

१८६७ साली तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल अझीझ लंडनला आले. त्यांच्यासाठी इंडिया ऑफिसात थाटाचा नाचसमारंभ झाला, पण बिल फाडले हिंदुस्थानच्या नावे! पाहुणा इंग्लंडचा आणि भुर्दंड आमच्या गरीब रयतेला, हा कोठला न्याय? फॉसेट यांनी त्याला हरकत घेतली. पुढे हिंदुस्थानच्या जमाखर्चाचे आकडे तोंडपाठ करून ते सभागृहात बोलत. १८७४ मध्ये ब्रायटनला ते पडले, तेव्हा त्यांच्या निवडणुकीसाठी येथून वर्गणी गेली. त्याच वर्षी ते हॅकनीतून निवडून आले.

१८८० साली ते पोस्टखात्याचे प्रमुख झाले. तेथील बचत बँकेत एक शिलिंगाहून कमी रक्कम घेत नसत. गरिबाने एवढे एकदम कोठून आणावे? फॉसेट यांनी पेनीची तिकिटे कागदावर चिकटवण्याची सोय केली; बारा झाली की शिलिंग जमा! १८८३ मध्ये पार्सल टपाल सुरू झाले. पुढच्याच नोव्हेंबरात, अवघ्या ५१व्या वर्षी ते वारले.