जॉन केम्प स्टार्ले

जॉन केम्प स्टार्ले (जन्म: १८५५ च्या सुमारास, वॉल्थमस्टो, इंग्लंड, मृत्यू: २९ ऑक्टोबर १९०१, कॉव्हेंट्री) हे इंग्लिश सायकल-उत्पादक व उद्योजक होते. त्यांनी १८८५ मध्ये तयार केलेली ‘रोव्हर’ ही सायकल आधुनिक सायकलीचा मूळ नमुना मानली जाते. स्टार्ले यांनी सायकलीचा शोध लावला, असे विधान अनेकदा वाचनात येते. ते बरोबर नाही. सायकल त्यांच्यापूर्वीही होती, आणि साखळीने मागचे चाक फिरवण्याची योजना हेन्री लॉसन यांनी १८७९ मध्येच पुढे आणली होती. स्वाराची बैठक योग्य जागी ठरवून तिच्याभोवती सांगाडा रचणे, हे स्टार्ले यांचे खरे कार्य होय.

पूर्वायुष्य

त्यांचे वडील माळीकाम करीत. १८७२ मध्ये ते कॉव्हेंट्री येथे आपले काका जेम्स स्टार्ले यांच्याकडे कामास गेले. घड्याळे व रेशमी फिती हे त्या शहराचे जुने व्यवसाय तेव्हा डबघाईस आले होते आणि तेथील कुशल कारागीर नव्या सायकल-उद्योगाकडे वळत होते. काका व विल्यम हिलमन यांच्या ‘एरियल’ या उंच चाकाच्या सायकलीच्या कामात त्यांनी काही वर्षे काढली. पुढे विल्यम सटन यांच्या भागीदारीत त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. तेथे प्रारंभी मुख्यतः तीनचाकी वाहने बनत.

रोव्हर सायकल

त्या काळच्या उंच सायकलीत पॅडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असे. वेग वाढवायचा तर चाकच मोठे करावे लागे आणि स्वार त्याच्या माथ्यावर जाऊन बसे. वाटेत दगड आडवा आला की तो डोक्यावर आपटे. असे अपघात नित्याचे असल्याने सायकल हे धाडसी तरुणांचेच वाहन राहिले होते. स्टार्ले यांनी १८९८ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये व्याख्यान देताना आपला विचार मांडला. त्याचा आशय असा की, स्वार जमिनीपासून योग्य उंचीवर असावा, सीट पॅडलच्या संदर्भात व हँडल सीटच्या संदर्भात योग्य जागी असावे, आणि क्रँक चालक चाकाशी अशा रीतीने जोडलेले असावेत की गतीचे प्रमाण हवे तसे ठरवता यावे.

१८८५ च्या आरंभीच्या रोव्हरचे पुढचे चाक मागच्याहून मोठे होते आणि हँडल दांड्यांच्या मार्फत चाक वळवीत असे. त्याच वर्षी सुधारलेल्या नमुन्यात चाके जवळपास सारखी झाली व हँडल तिरप्या चिमट्याला थेट जोडले गेले. सप्टेंबरमध्ये ग्रेट नॉर्थ रोडवर १०० मैलांची शर्यत भरवण्यात आली. तीत जॉर्ज स्मिथ यांनी रोव्हरवरून विक्रम केला आणि बुटक्या सायकलीची थट्टा करणाऱ्यांना उत्तर मिळाले.

सांगाड्याचा प्रश्न

या पहिल्या रोव्हरचा सांगाडा आजच्या अर्थाने पूर्ण नव्हता. तिच्या काही नळ्या वक्र होत्या आणि सीटखालून पॅडलच्या आसापर्यंत येणारी उभी नळीच नव्हती. त्रिकोण हा एकच आकार असा आहे की बाजूंची लांबी बदलल्याखेरीज तो वाकडा होत नाही. उभ्या नळीअभावी मोकळ्या राहिलेल्या चौकटीत भार सांध्यांवर येई व त्या पिळवटत.

शिवाय त्या सायकलीला फ्रीव्हील नव्हते. मागचे चाक फिरे तोवर पॅडलही फिरत राही. उतारावर पाय उचलून ठेवण्यासाठी पुढच्या चिमट्यावर आधार दिलेले असत. वेग कमी करण्यासाठी पायांनी पॅडल रोखले की साखळी उलट बाजूने ताणली जाई. म्हणजे सांगाड्याला दोन्ही दिशांचा ताण सोसावा लागे.

तरीही उत्पादक लगेच सरळ, ताठ नळ्यांकडे वळले नाहीत, याचे कारण टायरमध्ये होते. भरीव रबरी टायरमुळे रस्त्याचा प्रत्येक हादरा स्वारापर्यंत पोहोचे, म्हणून काही उत्पादकांनी सांगाड्यातच स्प्रिंग बसवून पाहिले. जॉन बॉइड डनलॉप यांचा हवा भरलेला टायर १८८८ मध्ये आला आणि हादरे झेलण्याचे काम त्याने उचलले. आता सांगाड्याने फक्त ताठ राहायचे होते. १८९० च्या सुमारास सीटची नळी असलेला, सरळ नळ्यांचा हिऱ्याच्या आकाराचा सांगाडा रूढ झाला. त्यात थॉमस हंबर यांच्यासह अनेकांचा वाटा होता. एकट्या स्टार्ले यांना त्याचे श्रेय देणे अन्यायाचे ठरेल.

उत्तरायुष्य

१८८८ मध्ये त्यांनी विजेवर चालणारी तीनचाकी बनवून पाहिली, पण तिचे उत्पादन झाले नाही. १८८९ मध्ये कारखाना जे. के. स्टार्ले अँड कंपनी झाला आणि १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रोव्हर सायकल कंपनी. १९०१ मध्ये स्टार्ले यांचे अकाली व आकस्मिक निधन झाले. कंपनीची पहिली मोटारगाडी १९०४ मध्ये आली. ती त्यांनी पाहिली नाही.

प्रभाव

शहरात रोज वापरायच्या, गिअर नसलेल्या किंवा फिक्स्ड-गिअर सायकलीसाठी टिकाऊ सांगाडा निवडताना आजही त्याच गोष्टी पाहिल्या जातात. पोलादी नळी सहसा तुटण्याआधी वाकून इशारा देते, आणि तिचा सांधा साध्या कारखान्यातही पितळ वितळवून पुन्हा जोडता येतो. मागच्या चाकाच्या आसाची खाच आडवी असावी लागते, कारण साखळीचा ताण चाक मागेपुढे सरकवूनच साधायचा असतो. फिक्स्ड-गिअरमध्ये वळणावरही पॅडल फिरत असल्याने त्याचा आस जमिनीपासून थोडा उंच असलेला बरा. भारतात दुधाच्या किटल्या व गॅसच्या टाक्या वाहणारी, दांडीवर दुसऱ्याला बसवून नेणारी काळी सायकल फ्रीव्हीलची असली, तरी सांगाडा व आडवी खाच या बाबतींत याच घराण्यातली आहे.

पोलिश भाषेत सायकलीला ‘रोव्हर’ म्हणतात; तो शब्द या सायकलीच्या नावावरूनच आला. १८८५ ची एक रोव्हर लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जतन केलेली आहे.