राजगृह : पुस्तकांसाठी बांधलेले घर



६ डिसेंबरला आपल्या महागावची मंडळी मुंबईला जाते, चैत्यभूमीवर माथा टेकते अन् लगेच परतीच्या गाडीची घाई करते. पूल ओलांडून दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीत, परमपूज्य बाबासाहेबांचे राजगृह आहे. तळमजल्यावर संग्रहालय केले आहे. पुष्कळांचे ते पाहायचे राहून जाते, म्हणून हे चार शब्द.

१८९१ साली महूला जन्मलेले बाबासाहेब मोठे बॅरिस्टर झाले, तरी परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांतच राहत. शेजारी सगळे गिरणी कामगार. १९२७ चा महाडचा सत्याग्रह अन् पुढे गोलमेज परिषद, हे सारे त्या चाळीत राहूनच झाले. जीव मात्र पुस्तकात. १९१७ साली विलायतेहून येणारे त्यांचे ग्रंथ जहाजासकट समुद्रात बुडाले होते. ते दुःख काय असेल!

ग्रंथ चाळीत मावेनात, तेव्हा १९३० नंतरच्या काळात त्यांनी स्वतः लक्ष घालून हे घर बांधून घेतले. खाली बिऱ्हाड, वर ग्रंथालय. नाव ठेवले मगधाच्या जुन्या राजधानीचे, जिथे भगवान बुद्ध राहिले, पहिली धम्मसंगीती झाली. दीक्षा १९५६ ची. नाव त्याच्या वीस वर्षे आधीचे! हे ध्यानात घ्या.

रमाईला मात्र हे घर फार दिवस लाभले नाही. चार लेकरे गमावलेली, काटकसरीत झिजलेली ही माउली २७ मे १९३५ रोजी याच घरात गेली. आमचे पाय तिथे जास्त वेळ अडले.

आम्ही गिरणीतले म्हणून एक सांगतो. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून आपल्या माणसाला विणाई खात्यात घेत नसत. पगार तिथेच जास्त. हा प्रश्न बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला, ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगारांचा संप केला.

शेजारी त्यांचीच चार मिनार नावाची इमारत होती. ती १९४१ साली विकली, ग्रंथांसाठी. लोक पुस्तके विकून घर बांधतील, इथे उलटे! पन्नास हजारांवर ग्रंथ जमले असे सांगतात. पुढे त्यातले पुष्कळ १९४६ ला निघालेल्या सिद्धार्थ कॉलेजात आपल्या पोरांसाठी दिले. आपल्या विहारातले कपाट आठवा अन् विचार करा.

जुलै २०२० मध्ये कोणी इथल्या काचा, कुंड्या फोडल्या. घर उभेच आहे. खाली फोटो, त्यांच्या वापरातल्या वस्तू अन् अस्थिकलश पाहायला मिळतो.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणून याच घरात ठेवले. दुसऱ्या दिवशी इथूनच लाखोंच्या गर्दीतून अंत्ययात्रा दादरच्या समुद्राकडे निघाली.